परसातली बदकं

परळ, मुंबई
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

प्रिय अमित,

सप्रेम जय भीम.

काल सकाळी तुझा फोनवर एका ओळीचा निरोप आला. 'आत्या, कार्ड परत छापायचंय. काय लिहू?' बस्स. कशी आहेस नाही, गुडघा कसा आहे नाही. शेवटी जोडलेले दोन पिवळे हात. त्या हातांचा मला इतका राग आला की चहा तसाच राहिला आणि त्यावर साय धरली. काय लिहायचं ते सांगते. पण पत्राने सांगणार आहे, आणि पत्रानेच का, ते शेवटी कळेल. मध्येच उडी मारून शेवट वाचू नकोस, लहानपणी वाचायचास तसा.

आधी तुझ्या हॉटेलचं ते कार्ड. त्या रात्री मी ते पर्समध्ये टाकून आणलं होतं, आता समोर ठेवलंय. जाड मातकट कागद, त्यावर सोनेरी अक्षरं. 'आजीचं बदक. कोकणातल्या आमच्या आजीच्या परसात बदकं होती. थंडीत ती बदकाच्या तंगड्या त्यांच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून मडक्यात साठवायची, आणि पावसाळ्यापर्यंत घर त्यावर पोसायचं.' खाली हिरवं पान काढलंय आणि त्या पानापुढे लिहिलंय, 'प्रथिनांनी समृद्ध. ऑलिव्ह तेलाइतकीच गुणकारी चरबी. कोलेजनयुक्त. हृदयाला हितकर.'

ह्या हिरव्या पानाबद्दल मी तुला माफ करणार नाही. तेहतीस वर्षं मी महापालिकेच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलंय, त्यातली चौदा हृदयविभागात. तुझी ती प्रचाराचं काम बघणारी श्रेया मला म्हणाली, "आत्या, हे सुपरफूड आहे, तुम्ही ट्राय करा ना." मी तिला विचारलं, बाई, शंभर ग्रॅममध्ये मीठ किती? ती हसली आणि पाणी आणते म्हणून गेली ती परत आलीच नाही. मग तुलाच सांगते. चरबी नीट निथळली, तर शंभर ग्रॅम तंगडीत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. उत्तम आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. तंगडीच्या गडद मांसात लोह असतं, तेही खरं. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम चरबी असते, आणि उष्मांक तीनशेच्या घरात. बदकाच्या चरबीचा तिसरा हिस्सा संपृक्त असतो. ऑलिव्ह तेलाचा सातवा. तिसरा आणि सातवा ह्यांत फरक असतो हे तुला चौथीत शिकवलं होतं, मीच शिकवलं होतं. मीठ तर विचारू नकोस, मिठात मुरवल्याशिवाय हा पदार्थ होतच नाही. वर त्याच चरबीत तळलेले बटाटे बाजूला. आणि कोलेजन पोटात गेलं की इतर प्रथिनांसारखंच पचून सुटं होतं. ते चालत जाऊन गुडघ्यात बसत नाही. बसत असतं तर मी तुझ्या हॉटेलच्या जिन्यावर कठडा धरून चढले नसते.

'पावसाळ्यापर्यंत' हा शब्द कोणी घातला? कोकणच्या हवेत, फ्रीजशिवाय, मडक्यात? चरबीखाली हवा पोचत नाही म्हणून मांस टिकतं, इथपर्यंत ठीक. पण हवेशिवाय वाढणारे जंतू असतात, आणि त्यांचा ना वास येतो ना रंग दिसतो. हॉटेल मॅनेजमेंट शिकून, फ्रान्सला दोन वर्षं राहून आलेल्या मुलाने हे छापायचं? उद्या कोणी बाई तुझं कार्ड वाचून घरी मडकं भरेल आणि मे महिन्यात पोरांना वाढेल. तेव्हा तुझं सोनेरी अक्षर कुठे जाईल?

हे झालं तुझ्या चुकांचं. त्या मी पूर्ण तुझ्या नावावर लावते. पहिल्या तीन ओळींचं आता बघू.

एकोणतीस नोव्हेंबरची, तुझ्या हॉटेलातली ती रात्र पुन्हा लिहिते, कारण विकास काय म्हणाला ते तुला माहीत आहे, पण त्याला काय झालं ते तुला दिसलं नसेल. तुझा बाप सकाळपासून तयार होता. पांढरा शर्ट त्याने दोनदा इस्त्री केला. मला टॅक्सीत म्हणाला, ताई, आपल्या बाबांनी गिरणीच्या ज्या साचेखात्यात, मागांवर, जन्म घालवला, तिथे आज माझा मुलगा टेबलं लावतोय, मालक म्हणून. गिरणीच्या फाटकातून आत शिरताना त्याने चपला काढल्यासारखा पाय आखडला, मग स्वतःच हसला. तुमच्या त्या चिमणीला दिव्यांच्या माळा सोडल्यात, त्यांच्याकडे बघत राहिला. आणि मग ती ताटली आली. त्याने एक घास घेतला आणि डोळे मिटले. मी त्याची बहीण आहे, त्याचे मिटलेले डोळे मला वाचता येतात. म्हणाला, "ताई, आईच्या हातचं आहे गं हे. डब्यातलं." सेहेचाळीस वर्षांनी. तुझं कौतुक तेवढ्यापुरतं मी करते, अमित. तू आजीला पाहिलंही नाहीस, आणि ती चव तू काढलीस.

मग त्याने चष्मा लावला आणि कार्ड वाचलं.

चमचा खाली ठेवला. तुला बोलावलं. "कोणाच्या परसात बदकं होती? माझ्या आईच्या माहेरी परस होतं? पाय टेकायला स्वतःची जमीन नव्हती त्यांच्याकडे." तू हळूच म्हणालास, "पप्पा, हे आत्याच्याच वहीत आहे. ट्रंकेतल्या." त्यानंतर मिनिटभरात तीन वाक्यं बोलली गेली. एक माझं, एक तुझं, एक विकासचं. माझं आणि तुझं लिहायला मला अजून थोडा वेळ लागेल. विकासचं लिहिते. "माझ्या आईला विकलंस ते विकलंस, वर माझ्या बहिणीवर ढकलतोस?" आणि तो उठला. पांढऱ्या शर्टात, लोअर परळहून वरळीपर्यंत चालत गेला. टॅक्सी केली नाही, मलाही बरोबर घेतलं नाही.

आज बारा दिवस झाले. तो तुझ्याशी बोलत नाही. त्याच्या लेखी तू खोटारडा आहेस, आणि आजीची लाज वाटणारा नातू आहेस. मला मात्र रोज सकाळी साडेसातला फोन करतो आणि तेविसाव्या मजल्यावरून समुद्र कसा दिसतो ते सांगतो, जणू मी हवामान खात्यात आहे. मग मुद्द्यावर येतो. "चिरंजीव फ्रान्सला गेले आणि बदक होऊन आले. चालतातही तसेच, बघितलंस ना?" मी हूं म्हणते. परवा म्हणाला, "ताई, चाळ गेली त्याचं मला एवढं वाटलं नाही. साठ वर्षांची खोली, चावी दिली आणि निघालो. पण आईची अशी आठवण छापलेली बघून वाटलं, आता खरंच काही राहिलं नाही." मी त्यालाही हूं म्हणाले. लिहिताना माझा मलाच संताप येतोय.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात मी तुम्हा दोघांना लांबून बघितलं. दरवर्षी आपल्या मंडळाच्या मांडवात तुम्ही बापलेक एका पातेल्याशी उभे असता, तू वाढतोस आणि तो पुढच्याला हाक मारतो. ह्या वर्षी तू पुलावाच्या पातेल्याशी आणि तो पाण्याच्या टाकीशी. मध्ये अख्खी रांग. नागपूरकडची एक म्हातारी त्याला म्हणाली, तो वाढणारा पोरगा तुमच्यासारखाच दिसतो हो. तो म्हणाला, "असेल." मी तिथून निघाले. चैत्यभूमीला जायला मला त्या दिवशी तोंड नव्हतं.

आता डब्यातलं म्हणजे काय ते ऐक. तुला विकासने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं असेल. त्याला फक्त खाल्लेलं आठवतं. माझी आई, तुझी आजी सुंदराबाई, वरळी नाक्यामागच्या एका कोंबडीच्या दुकानात कामाला होती. सकाळी सहा ते बारा. कोंबड्या सोलायच्या, साफ करायच्या. आपल्याकडे गिऱ्हाईक कातडी काढूनच कोंबडी नेतं. ती कातडी आणि आतली चरबी टोपलीत पडायची आणि दुपारी कचऱ्यात जायची. आईने ती मागून घ्यायला सुरुवात केली. अंडी द्यायची थांबलेली म्हातारी कोंबडी कोणी घेत नसे, कारण ती शिजता शिजत नाही. तीही दुकानदार तिला द्यायचा. त्या म्हाताऱ्या कोंबडीच्या पोटात पिवळीधमक चरबी असते, मूठ मूठभर.

चाळीतल्या खोलीच्या दारात शेगडी असायची. आई तंगड्या, माना आणि जठराचे पेटे आदल्या दिवशी जाड्या मिठात घालायची, दुसऱ्या दिवशी पुसून कोरड्या करायची. पातेल्यात कातडी, चरबी आणि वाटीभर पाणी. पाणी आटायचं, चरबी सुटायची, आणि कातडीचे कुरकुरीत तुकडे वर यायचे. ते मी आणि विकास कांद्याबरोबर खायचो, आणि त्यावरून मारामारी व्हायची. मग त्या चरबीत मांस, सालीसकट लसूण, मिरी, दोन लवंगा. निखाऱ्यांवर राख ओढायची. चार तास. आई म्हणायची, चरबीला उकळी येता कामा नये, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी हलली पाहिजे नुसती. हाडापासून मांस सुटायला आलं की उतरवायचं. डालड्याचा पिवळा डबा उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेला असायचा. त्यात तुकडे, वरून दोन बोटं चरबी. काढायचं तर कोरड्या चमच्याने, आणि काढलं की चरबी पुन्हा सारखी करायची. डबा परातीतल्या पाण्यात, मुंग्यांसाठी. फक्त डिसेंबर-जानेवारीत, आणि आठ दिवसांच्या आत संपवायचं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जंतूंबद्दल तिला तुझ्या श्रेयापेक्षा जास्त कळत होतं.

आणि पोषणमूल्य? ते कार्डावर छापायचं असेल तर हे छाप. चार माणसांचं घर. भाकरी, पातळ आमटी, माठाची नाहीतर लाल भोपळ्याची भाजी. त्या भाजीत जीवनसत्त्व अ भरपूर असतं, पण ते चरबीशिवाय अंगी लागत नाही. आई प्रत्येक भाजीत डब्यातली चमचाभर चरबी घालायची. एक मोठा चमचा, एकशे पंधरा उष्मांक. आठ तास साच्यांमागे धावणाऱ्या माणसाला आणि वाढत्या वयाच्या दोन पोरांना ती चमचाभर चरबी म्हणजे काय होतं ते मला पुढे आकडेमोड करून कळलं. शेजारच्या खोल्यांतल्या मुलांच्या डोळ्यांना संध्याकाळी अंधारी यायची. आमच्या कधी आली नाही. तुझ्या हॉटेलात बसलेल्या, पोटं सुटलेल्या गिऱ्हाइकाला तेच हृदयाला हितकर सांगणं हा निव्वळ खोटेपणा आहे.

खोटेपणा हा शब्द माझ्या हातून लिहिला गेला. तर आता ते माझं वाक्य.

विकास माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "ताई?" एवढंच. आणि मी हातातला रुमाल चौकोनी घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मी असं कशाला लिहीन?" तू माझ्याकडे बघितलंस. वही तुझ्या ऑफिसात, दहा पावलांवर होती. तू जाऊन आणू शकला असतास. तू म्हणालास, "नसेल मग. मीच कुठेतरी वाचलं असेन." सदुसष्ट वर्षांच्या बाईला तिच्या भाच्याने भर टेबलावर वाचवलं, आणि मी वाचवून घेतलं.

तीन दिवसांनी वॉचमनने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं आणून दिलं. आत वही. चिठ्ठी नाही, फोन नाही, 'आत्या, हे काय' नाही. अरे, भांडायचं तरी होतंस! वही बापाच्या तोंडावर फेकायची, नाहीतर माझ्या. तू ती मुकाट्याने परत केलीस, म्हणजे मी हवं तर जाळून टाकावी. हा समजूतदारपणा तुला कोणी शिकवला? मला तो सहन होत नाही. तुझ्या त्या पिवळ्या हातांचा राग यायचं कारण हे आहे. तू मला विचारलंस 'काय लिहू', म्हणजे अजूनही निर्णय माझ्यावर सोडलास, आणि मी सांगेन ते छापून गप्प बसणार होतास.

वही माझीच. १९७८ सालची, गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाची. प्रात्यक्षिक होतं: आपल्या घरातल्या साठवणीच्या एका पारंपरिक पदार्थाची नोंद, कृती, पोषणमूल्यं. शिकवायला राजलक्ष्मी मॅडम होत्या. त्यांच्यावर मी काहीही ढकलू शकत नाही, कारण त्या वर्गात स्पष्ट म्हणाल्या होत्या, जे घरात शिजतं तेच लिहा. गिरगावच्या मुली मेतकूट लिहीत होत्या, मोरावळा लिहीत होत्या. शिवाजी पार्कची मृणालिनी तिच्या आजीचं वीस वर्षांचं लिंबाचं लोणचं बाटलीत घेऊन आली होती. मी ठरवलं, डब्यातलं लिहायचं. खरंच ठरवलं होतं. घरी आले आणि आईला म्हणाले, सांग, कॉलेजात लिहायचंय. आईने हात धुतले, पदर नीट केला आणि पाटावर बसली, फोटो काढायला बसतात तशी. ती सांगत होती आणि मी लिहीत होते.

कोष्टकाचा पहिला रकाना पदार्थ, दुसरा प्रमाण, तिसरा 'कुठून मिळाले'. तिथे माझा हात थांबला. बाजार, घरचे, किंवा अन्य. मोरावळ्याच्या आवळ्यापुढे बाजार लिहिता येतं. दुकानातल्या टोपलीतली कातडी कुठल्या रकान्यात लिहायची? आई म्हणत होती, "लिही, दुकानातून मागून आणायची." ती सांगतेय, माझा पेन चाललाय, आणि मी लिहिलं, घरचे. घरचे लिहिलं म्हणजे घरी कोंबड्या पाहिजेत. बीडीडी चाळीत कोंबड्या कुठून येणार, म्हणून घर कोकणात नेलं. परस केलं. कॉलेजच्या लायब्ररीत एक परदेशी पाकशास्त्राचं जाडं पुस्तक होतं, त्यात रंगीत चित्र होतं: मातीचं भांडं, त्यात चरबीत बुडवलेल्या बदकाच्या तंगड्या, फ्रान्सच्या खेड्यातली रीत. कृती आईसारखीच. म्हणून कोंबड्यांची बदकं केली आणि डब्याचं मडकं. मडक्यात ते पावसाळ्यापर्यंत टिकतं असंही लिहिलं. हो, तो शब्दही माझाच. वर तुझ्यावर एवढी ओरडले तरी. आई समोर बसून बघत होती. तिला पेन चाललेला दिसत होता, तेवढं पुरे होतं. मध्ये विचारत होती, "लसूण लिहिलास? सालीसकट लिही हो." मी लिहिला. तेवढं एक खरं आहे त्या पानावर.

तू फ्रान्समध्ये ते बदक खाल्लंस आणि तुला आत्याची वही आठवली, आणि तुला वाटलं की जगाच्या दोन टोकांना दोन आज्यांनी एकच गोष्ट केली. तू लगेच मला फोन करून सांगितलंस. तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाबा, ते बदक फ्रान्सचंच आहे, मी उचलून आणलेलं. मी म्हणाले, वा.

राजलक्ष्मी मॅडमनी लाल शाईत 'उत्कृष्ट' लिहिलं. बदकाच्या चरबीचे उष्मांक मी अचूक काढले होते. बाबांनी ती वही पुढे निळ्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. इंग्रजीत असल्यामुळे त्यांनी वाचली नाही, आणि विकासने आदरापोटी कधी उघडली नाही. आईचं सगळं ताईने लिहून ठेवलंय, एवढं तो सगळ्यांना सांगत आला. तू फ्रान्सला जायच्या आधी चाळ रिकामी केली, तेव्हा ती तुझ्या हातात देताना त्याने काय म्हटलं असेल ते मला न ऐकता माहीत आहे.

आता शेवटचं. हे तुला माहीत नाही, विकासला नाही, कोणालाच नाही. विकास चाळीस वर्षं मला चिडवत आलाय, की ताईच्या कॅलरीने माझी कोंबडी खाल्ली. कारण एका थंडीत आईने डबा भरणं बंद केलं, आणि त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चांगलं नसतं म्हणे ते. ताई शिकलीये." मी तिला असं कधीही म्हटलं नव्हतं. झालं ते असं. १९७९च्या फेब्रुवारीत कॉलेजचं प्रदर्शन भरलं आणि उत्तम वह्या टेबलावर उघडून मांडल्या. आई आली. लग्नातली हळदीची नऊवारी नेसून, दुकानाला सुट्टी घेऊन. 'माझ्या हातचं कॉलेजात लावलंय' हे तिने अख्ख्या चाळीला सांगितलं होतं. मी तिला टेबलापाशी नेलं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. पण त्या पानावर, जास्त गुण मिळावेत म्हणून, मी रंगीत पेन्सिलींनी चित्र काढलं होतं. कौलारू घर, माड, आणि परसात पाच पांढरी बदकं. आई ते चित्र बघत उभी राहिली. मग तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं, ज्यांची नखं कोंबड्या सोलून कायमची पिवळी झाली होती, आणि ते हात पदराखाली घेतले. म्हणाली, "बदकं छान काढलीस." परतताना बसमध्ये ती माझ्या अभ्यासाचंच बोलत होती. त्यानंतर आपल्या घरात डबा भरला गेला नाही. पुढे गिरण्यांच्या संपाची थंडी आली, जेव्हा त्या चमचाभर चरबीची सगळ्यात जास्त गरज होती, तेव्हाही नाही. ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही. तू बोलला नाहीस तसंच.

तर कार्डावर हे लिही: 'सुंदराबाई रामजी ह्यांची डब्यातली कोंबडी. त्या वरळीच्या कोंबडीच्या दुकानात कामाला होत्या. दुकानाने टाकलेल्या कातडीतून आणि चरबीतून त्यांनी घर पोसलं.' एवढंच. हिरवं पान काढून टाक. बदक हवं तर फ्रान्सच्या नावाने वेगळं लाव. आता चार वाजता कोपऱ्यावरची टपालपेटी उघडतात, त्याआधी मी हे टाकणार आहे, आणि तशीच वही घेऊन वरळीला विकासकडे जाणार आहे. ते पान मी त्याला माझ्या तोंडाने मराठीत वाचून दाखवीन, आणि त्याला चित्रही दाखवीन. फोनवर लिहिलेलं पुसता येतं, आणि मी स्वतःला ओळखते. लिफ्टमध्ये तेविसाव्या मजल्यापर्यंत जाताना मी पुन्हा एकदा गप्प बसायचं ठरवू शकते. पत्र पेटीत पडलं की ते माझ्या हातात राहत नाही. विकासने मला दारातून परत पाठवलं तर ते माझं आहे, तू मध्ये पडायचं नाहीस. ह्या वेळी मला वाचवलंस तर खबरदार. रविवारी सकाळी दोन म्हाताऱ्या कोंबड्या, कातडीसकट, घेऊन बापाकडे ये. त्याला रक्तदाब आहे, तेव्हा मीठ अर्धं, आणि एकच तुकडा, निथळून. लसूण सालीसकट.

तुझीच,
वैशालीआत्या